जागच्या जागी सायकल

सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा माणूस तुमच्या गल्लीत अजून येत असेल, तर पुढच्या वेळी त्याच्या हातांकडे न पाहता पायांकडे पाहा. शिरूर तालुक्यातील आमच्या कारेगावच्या चौकात तो कधीमधी दिसतो. आल्याबरोबर तो सायकल मागच्या स्टँडवर चढवतो. मागचे चाक जमिनीपासून दोन-तीन बोटे वर, अधांतरी राहते. या चाकावरून एक पट्टा पुढे नेलेला असतो आणि तो दांडीवर बसवलेली लहानशी सहाण गरगर फिरवतो. मग तो सायकलीवर बसून पायडल मारत राहतो. सायकल वीतभरही पुढे जात नाही, पण ठिणग्या उडतात आणि घरोघरच्या विळ्यांना धार येते.

डोळे मिटून त्याच्या सहाणेचा आवाज ऐका. पाते टेकले की आवाज किंचित खाली उतरतो आणि लगेच पुन्हा मूळच्या पट्टीवर येतो. पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात आवाज वर-खाली होऊ लागला, तर समजावे की सहाण झटक्याझटक्याने फिरते आहे. मग पाते एका जागी जास्त झिजेल, दुसऱ्या जागी कमी. म्हणून त्याने आपल्या पायांना एकसारखे फिरायला शिकवलेले असते. कोणी शिकवले म्हणून नव्हे, धंद्याची गरज म्हणून.

या माणसाची आठवण मला एका विद्यार्थिनीमुळे झाली. कारेगावचीच, नववीत शिकणारी. शालेय सायकल स्पर्धेत उतरायचे तिच्या मनात होते. पण कारेगाव पडले पुणे–अहिल्यानगर महामार्गावर, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला खेटून. पाळी सुटली की कंपन्यांच्या बसगाड्या, दिवसभर कंटेनर, ट्रक आणि ट्रॉल्या. घरच्यांनी त्या रस्त्यावर सराव करायला साफ मनाई केली, आणि त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. मुलगी हट्टी निघाली. तिने ओसरीत सायकल स्टँडवर लावली आणि रोज संध्याकाळी अर्धा तास पायडल मारू लागली. थोरला भाऊ हसायचा. म्हणायचा, जागच्या जागी पायडल मारून कोणी शर्यत जिंकते का?

“सर, खरंच याचा काही उपयोग नाही का?” तिने मला विचारले.

मी फारसा विचार न करता म्हणालो, “फारसा नाही गं. तिथे वाऱ्याचा विरोध नाही, चढ नाही, तुझे वजनही ओढावे लागत नाही.” ती काही न बोलता गेली. रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करायला बसलो तेव्हा लक्षात आले की माझे उत्तर घाईचे होते. मी सांगितलेली कारणे खरी होती, पण निष्कर्ष चुकला होता. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो. नववी-दहावीच्या पुस्तकाबाहेरचे त्यात फारसे काही नाही.

पायडलच्या एका फेऱ्यात काय घडते?

पायडल ज्या लोखंडी दांड्याला जोडलेले असते त्याला क्रँक म्हणतात. त्याची लांबी साधारण १७ सेंटिमीटर धरा. क्रँक आडवा, म्हणजे घड्याळातील तीन वाजल्याच्या काट्यासारखा असतो, तेव्हा पायाचा खाली दिलेला सगळा जोर चाक फिरवण्याच्या कामी येतो. बल आणि क्रँकची लांबी यांचा गुणाकार म्हणजे त्या बलाचे आघूर्ण. पण हाच क्रँक बारा वाजल्यासारखा सरळ वर उभा असतो, तेव्हा तुम्ही सगळे वजन टाकून त्यावर उभे राहिलात तरी चाकाला काहीही मिळत नाही. जोर थेट आसामधून जातो आणि आघूर्ण शून्य होते. खाली, सहा वाजल्याच्या जागीही तेच. इंजिनाच्या भाषेत या जागांना मृत बिंदू म्हणतात. एक पाय वर असताना दुसरा खाली असतो, म्हणून दोन्ही पायांची मृत जागा एकाच वेळी येते, आणि प्रत्येक फेऱ्यात दोनदा येते.

म्हणजे पायांकडून चाकाला मिळणारा रेटा अखंड धारेसारखा नसतो. तो हापशाच्या पाण्यासारखा उसळत येतो. तरीही रस्त्यावर सायकल एकसारखी धावताना दिसते. असे का?

याचे उत्तर न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. समजा, सायकल आणि स्वार मिळून वस्तुमान ७० किलोग्रॅम आहे, वेग ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर आहे, आणि वारा व रस्ता यांचा एकूण विरोध १२ न्यूटन आहे. मृत बिंदूपाशी तुमचे पाय ०.२ सेकंद काहीच काम करत नाहीत असे धरा. तेवढ्या वेळात विरोधामुळे होणारे मंदन १२ भागिले ७०, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ०.१७ मीटर प्रतिसेकंद. ०.२ सेकंदांत वेग घटला केवळ ०.०३४ मीटर प्रतिसेकंद. ताशी १८ किलोमीटरचे १७.९ झाले. हे तुमच्या लक्षातही येणार नाही. तुमच्या शरीराचे जडत्वच मृत बिंदू ओलांडून देते.

आता तीच सायकल ओसरीत स्टँडवर लावा आणि मागच्या ब्रेकचे रबर अगदी हलके घासेल एवढे आवळून तोच १२ न्यूटनचा विरोध निर्माण करा. या वेळी धावणारी वस्तू कोणती? फक्त मागचे चाक. धाव, टायर आणि ट्यूब मिळून सुमारे २ किलोग्रॅम धरू. मंदन होईल १२ भागिले २, म्हणजे ६. त्याच ०.२ सेकंदांत वेग १.२ मीटर प्रतिसेकंदाने घटेल. ताशी १८ वरून तो थेट १३.७ वर येईल! पुढचा पाय खाली येईल तेव्हा त्याला हे मंदावलेले चाक पुन्हा झटक्याने पळवावे लागेल.

चूक तीच, पण रस्त्यावर ती झाकली जाते आणि स्टँडवर पस्तीस पटीने मोठी होऊन दिसते. ज्या कारणामुळे मी त्या मुलीला ‘उपयोग नाही’ म्हणालो, ते म्हणजे ‘तुझे वजन ओढावे लागत नाही’. नेमके त्याच कारणामुळे स्टँडवरची सायकल पाय एकसारखे फिरवायला शिकवते.

कुत्रे काय सांगतात?

हे पडताळून पाहायला उपकरण विकत आणावे लागत नाही. ते तुमच्या सायकलीतच आहे. मागच्या दातेरी चाकात, म्हणजे फ्रीव्हीलमध्ये, स्प्रिंगने दाबलेले छोटे खटके असतात. सायकल दुरुस्त करणारे त्यांना कुत्रे म्हणतात. पाय चाकाला ओढत असतात तेव्हा हे खटके आतल्या दात्यांत घट्ट अडकून बसतात आणि आवाज करत नाहीत. पाय चाकापेक्षा मागे पडले की खटके दात्यांवरून घसरू लागतात आणि ‘टक टक टक’ ऐकू येते. उतारावर पाय थांबवले की होणारा आवाज तो हाच.

आता ब्रेक पूर्ण मोकळा करा आणि पंख्याचा आवाजही बंद करून पायडल मारा. चाकावर विरोध जवळजवळ नसल्यामुळे ते आपल्या गतीने फिरत राहते. तुमचे पाय मृत बिंदूपाशी जरा जरी रेंगाळले, तरी चाक पुढे निघून जाते आणि कुत्रे बोलतात. पाय एकसारखे फिरत असतील तर आवाज येत नाही. सुरुवातीला बहुतेकांच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा ‘टक’ ऐकू येते. एकदाच येत असेल तर समजा की एक पाय दुसऱ्यापेक्षा आळशी आहे. चेनच्या वरच्या बाजूकडे नजर टाकली तर तीही या वेळी क्षणभर सैल पडून पुन्हा ताठ होताना दिसते. मोबाईलवर मंदगतीने चित्रण केल्यास हे फार छान दिसते. शिक्षकांनी वर्गात एकदा सायकल आणून हा प्रयोग जरूर करून दाखवावा. जडत्वाच्या पाठासाठी टेबलावरच्या नाण्या-पुठ्ठ्यापेक्षा तो मुलांच्या जास्त लक्षात राहतो, असा माझा अनुभव आहे.

भरभर का फिरवायचे?

एकसारखेपणा झाला. आता वेगाकडे वळू. मिनिटाला पायडलचे किती फेरे मारावेत?

प्रथम आपल्या सायकलीचे दाते मोजा. समजा, पुढच्या दातेरी चाकाला ४४ आणि मागच्याला १८ दाते आहेत. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४५ वेळा फिरेल. २८ इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आत-बाहेर असतो. २.२ धरला तर एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर जाईल. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी साडेएकोणीस किलोमीटर, ९० मारले तर २९.

अर्थात वेग वाढला की वाऱ्याचा विरोधही वाढतो आणि जास्त शक्ती लागते. म्हणून तुलना निराळ्या तऱ्हेने करू. समजा, तुमचे पाय दोन्ही वेळा १०० वॉट एवढीच शक्ती देत आहेत आणि तुम्ही फक्त दाते बदलून फेऱ्यांची संख्या बदललीत. शक्ती म्हणजे आघूर्ण गुणिले कोनीय वेग. मिनिटाला ६० फेऱ्यांना पायडलवर सरासरी ९४ न्यूटन, म्हणजे साडेनऊ किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. ९० फेऱ्यांना ६२ न्यूटन पुरतात, म्हणजे सहा-साडेसहा किलो. जोर उसळत येतो हे आपण पाहिलेच. त्यामुळे प्रत्यक्षातील कमाल जोर या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट असतो. भरभर आणि हलके मारल्याने प्रत्येक धक्क्यामागे स्नायूंवरचा आणि गुडघ्यांवरचा ताण कमी होतो.

हे धक्के किती असतात याचा अंदाज घ्यायचा तर नाशिकचे महाजन बंधू आठवा. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने, आळीपाळीने सायकल चालवत, नऊ दिवसांच्या आत पुरी केली. रस्त्यावर रात्रंदिवस दोघांपैकी एक जण सायकलीवर असतोच. मिनिटाला ८० फेरे धरले आणि उतार सोडून दिले, तर दोघांचे मिळून सुमारे दहा लाख फेरे होतात. (हा आकडा माझ्या गणिताचा आहे, त्यांनी मोजलेला नव्हे.) दहा लाख वेळा गुडघा वाकवायचा असेल, तर प्रत्येक वेळचा किलो-दोन किलोचा फरक क्षुल्लक राहत नाही. २०१७ साली नाशिकचेच लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकेकट्याने पुरी केली.

दुसरे टोक पाहायचे तर तासाभराच्या विक्रमाकडे जावे लागेल. २५ ऑक्टोबर १९७२ रोजी बेल्जियमच्या एडी मर्क्स याने मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले. त्याच्या सायकलीला पुढे ५२ आणि मागे १४ दाते होते, एका फेऱ्यात ती सुमारे ७.९ मीटर जाई. भागाकार तुम्हीच करा. तासभर, क्षणाचीही उसंत न घेता, मिनिटाला सुमारे १०४ फेरे! इटलीच्या फिलिप्पो गान्ना याने ८ ऑक्टोबर २०२२ रोजी ५६.७९२ किलोमीटरचा विक्रम केला तो ६५ आणि १४ दात्यांवर. त्याचे फेरे शंभराच्या थोडे आत होते. धावपट्टीवरच्या या सायकलींना फ्रीव्हील नसते. चाक फिरले की पाय फिरलेच पाहिजेत.

बूड का उडते?

मग सगळ्यांनी शंभर फेरे का मारू नयेत? मारून पाहा. साधारण सत्तरच्या पुढे गेलात की पाय पायडलवरून सुटू लागतील. नव्वदच्या पुढे सीटवर बूड आपटू लागेल. हा नुसता अशक्तपणा नव्हे. यामागे एक सुंदर गणित आहे.

पायडलवरचे पाऊल वर्तुळात फिरते. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राच्या दिशेने त्वरण लागते. त्याचे मूल्य कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. त्रिज्या १७ सेंटिमीटर. मिनिटाला ६० फेऱ्यांना हे अभिकेंद्री त्वरण ६.७ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते, ९० ला १५.१ आणि १२० ला २६.८. पाऊल वरच्या टोकाला असते तेव्हा केंद्र त्याच्या खाली असते, म्हणजे त्या क्षणी पावलाला खालच्या दिशेने एवढे त्वरण हवे. गुरुत्वाकर्षण देऊ शकते फक्त ९.८. दोन्ही समान केव्हा होतात? कोनीय वेग सेकंदाला ७.६ रेडियन असताना, म्हणजे मिनिटाला साधारण ७२ फेऱ्यांना.

याचा अर्थ पाहा. ७२ च्या खाली पाय नुसता पायडलवर ठेवला तरी तो आपल्या वजनाने पायडलबरोबर खाली येतो. ७२ च्या वर पायडल पावलाच्या पुढे पळते आणि स्नायूंनी पाय जाणूनबुजून खाली न्यावा लागतो. पाय म्हणजे काही सुटा दगड नव्हे, त्याला घोटा, गुडघा आणि खुबा आहे, त्यामुळे हा हिशेब ढोबळ आहे. तरी पाय ‘सुटायला’ लागतात ती जागा तो बरोबर दाखवतो.

खालच्या टोकाला उलट घडते. तिथे पावलाला वर उचलणारे त्वरण हवे आणि ते पायडलनेच द्यायचे असते. पन्नास किलो वजनाच्या विद्यार्थ्याची पोटरी आणि पाऊल मिळून ३ किलोग्रॅम धरू. मांडीचा हिशेब सोडून देऊ. ६० फेऱ्यांना पायडल खालून ५० न्यूटनने रेटते, १२० फेऱ्यांना ११० न्यूटनने. त्यात तुम्ही खालच्या टोकाला पोहोचल्यावरही पाय दाबतच राहिलात, तर पायडल खाली सरकू शकत नाही आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने तुम्हालाच वर उचलते. हेच ते बूड उडणे.

पण पाय योग्य वेळी सैल का सोडता येत नाही? मेंदूचा हुकूम निघाल्यापासून स्नायूचा जोर पुरता चढायला किंवा उतरायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो. ६० फेऱ्यांना तेवढ्या वेळात क्रँक ३६ अंश फिरतो, १०० फेऱ्यांना ६० अंश. म्हणजे वेग वाढला की ‘दाब’ आणि ‘सोड’ हे दोन्ही हुकूम जास्त आधी द्यावे लागतात. हे कोणी समजावून सांगून येत नाही. तबल्याचा बोल जसा हातात बसतो, तसे ते पायात बसावे लागते. जोर वाढवण्यासाठी चढ हवा, पण वेळ साधण्यासाठी ओसरी पुरते. ट्रकवर लक्ष ठेवण्याची गरज नसते, म्हणून मन सगळे पायांवर ठेवता येते.

सराव कसा करावा?

आधी सुरक्षितपणा. मागचा स्टँड सायकल उभी करण्यासाठी असतो, स्वाराचे वजन डोलत असताना तोलण्यासाठी नव्हे. सायकल भिंतीलगत सपाट फरशीवर लावा, पुढचे चाक दोन विटांमध्ये पक्के अडकवा आणि पहिले काही दिवस कोणाला तरी जवळ उभे करा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून मागचा आस दोन्ही बाजूंनी धरणारी लोखंडी चौकट करून घेतली तर उत्तमच. ओढणी, पायजम्याची नाडी, सैल पायघोळ कपडे चेनपासून दूर ठेवा. आणि घरात लहान भावंडे असतील तर फिरत्या चाकाजवळ त्यांना येऊ देऊ नका. स्पोकमध्ये गेलेले बोट पुन्हा जसेच्या तसे होत नाही.

सीटची उंची पाहा. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेले की पाय सरळ व्हावा. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो. शाळेच्या सायकलींच्या सीट बहुधा फार खाली असतात. पण हौसेने फार वर घेतल्यात तर कंबर डावी-उजवी डोलू लागेल.

पाच मिनिटे सावकाश मारल्यावर उजव्या पायाचे फेरे पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. तो तुमचा नेहमीचा वेग. मग दर मिनिटाला थोडे थोडे वाढवत जा. बूड उडायला लागले की थांबू नका, पाच फेऱ्यांनी खाली या आणि तिथेच एक मिनिट राहा. तुमच्या सरावाची जागा ही आहे. खालच्या टोकाशी येताना पाय दाबण्याऐवजी मागे ओढा, चिखलाची चप्पल पायपुसण्यावर पुसतो तसा. हँडल आवळून धरू नका, खांदे सैल ठेवा. आठवड्यातून तीन-चार दिवस, वीस मिनिटे खूप झाली. गुडघ्यात दुखू लागले तर त्या दिवशी सोडून द्या.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. रस्त्यावर तुमच्या वेगाचाच वारा तुम्हाला लागतो, ओसरीत तो नसतो. शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतील सुमारे पाव हिस्साच पायडलपर्यंत पोहोचतो. ६० वॉटचे काम करताना जवळजवळ १८० वॉट उष्णता शरीरातून बाहेर पडायला हवी. ती सगळी घामाच्या बाष्पीभवनाने घालवायची तर तासाला पाव लिटरहून जास्त घाम सुकायला हवा. दार उघडे ठेवा, आवाज ऐकून झाला की पंखा लावा आणि पाणी जवळ ठेवा. ब्रेकचे रबर घासून विरोध निर्माण केलात तर तेच ६० वॉट धावेत उष्णतेच्या रूपाने जमतात, आणि रबरही झिजते. वेगाच्या सरावाला त्याची गरजच नाही, ब्रेक मोकळा ठेवा.

बाजारात यासाठी खास साधने मिळतात. त्यांतले सर्वांत जुने आणि माझ्या मते सर्वांत गमतीचे म्हणजे रोलर. मागच्या चाकाखाली दोन आणि पुढच्या चाकाखाली एक अशा तीन फिरत्या नळ्या, पट्ट्याने जोडलेल्या. सायकल त्यांवर नुसती ठेवलेली असते, बांधलेली नसते. पाय झटक्याने फिरले की ती डोलते आणि स्वार कडेला जातो. यात तोलही शिकायला मिळतो, पण पडण्याची तयारी हवी. दुसऱ्या प्रकारात मागचे चाक चौकटीत धरलेले असते आणि विरोध चुंबकाने निर्माण करतात. फिरत्या धातूच्या चकतीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उत्पन्न होतात आणि लेन्झच्या नियमाप्रमाणे ते चकतीच्या गतीलाच विरोध करतात. व्यायामशाळेतील जागच्या जागी चालवायच्या सायकलीला मात्र जड प्रचक्र, म्हणजे फ्लायव्हील असते. ते पंधरा-वीस किलोचे असू शकते, आणि पुष्कळदा पायांशी पक्के जोडलेले असते. ते स्वतःच पायांना मृत बिंदूपार ओढून नेते. घाम काढायला ते ठीक, पण चूक दाखवायला नाही. या एका बाबतीत ओसरीतली साधी सायकल महागड्या यंत्राला हरवते.

काय जमत नाही?

एकसारखे फिरवणे म्हणजे पाय वर येताना पायडल जोराने ओढणे, असा एक समज आहे. पायडलवर बलमापक बसवून मोजले तेव्हा दिसले की कसलेले सायकलपटूही वर येताना फारसे ओढत नाहीत, आणि मुद्दाम ओढायला लावले तर ऊर्जेचा खर्च उलट वाढतो. वर येणाऱ्या पायाने दुसऱ्यावर ओझे होऊ नये, एवढेच पुरे. तसेच ‘जितके फेरे जास्त तितके चांगले’ हेही खरे नाही. नुसते पाय हलवण्यातच ऊर्जा खर्च होते, आणि हलक्या कामाला साठ-सत्तर फेऱ्यांनाच प्राणवायूचा खर्च कमी येतो. शर्यतीतले सायकलपटू नव्वदच्या आसपास राहतात ते स्नायू लवकर थकू नयेत म्हणून. शंभर फेरे येत असले म्हणजे नव्वद सहज जमतात, सरावाचा हेतू तेवढा. आणि वळण घेणे, खड्डा चुकवणे, समोरचा वारा अंगावर घेणे हे स्टँडवर कधीच येणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला बोलावून आधीचे उत्तर मागे घेतले आणि हा कागद तिच्या हाती दिला. सहा आठवड्यांनी ती आली. पहिल्या दिवशी मोजलेला तिचा वेग ६२ होता, आता ९५ पर्यंत बूड उडत नव्हते. “डावीकडचं कुत्रं अजून बोलतं, सर,” ती म्हणाली. तिला म्हणायचे होते की डावा पाय वरून जाताना अजून एकदा ‘टक’ ऐकू येते. एका रविवारी सकाळी लवकर, वडील मोटारसायकलवर मागे असताना, तिने गावाच्या आतल्या रस्त्यावर किलोमीटरच्या दोन दगडांमधले अंतर कापून पाहिले. पूर्वी ३ मिनिटे २० सेकंद लागत, या वेळी ३ मिनिटे ५ सेकंद लागले. भाऊ म्हणतो, वारा पाठीमागून होता. तो कोणत्या बाजूने होता हे तिने लिहून ठेवलेले नव्हते. पुढच्या रविवारी दोन्ही दिशांनी मोजायचे ठरले आहे, आणि घड्याळ भाऊच धरणार आहे.